ज्याचा त्याचा शेवट

टेबलाशी पाचवी खुर्ची वहिनींनी सकाळी आणून ठेवली होती आणि दुपारपर्यंत दोनदा उचलून परत आत नेली होती. शेवटी दादांनी ती स्वतः बाहेर ओढली आणि तिच्यावर आपला चष्मा, वर्तमानपत्र आणि औषधांचा डबा असा सगळा संसार मांडून ठेवला, म्हणजे निदान संध्याकाळपर्यंत तिला कोणी हलवणार नाही.

ताई कालच शहरात आल्या होत्या. सख्ख्या भावाचं घर हाकेच्या अंतरावर असताना स्टेशनमागच्या लॉजमध्ये उतरल्या होत्या. "आधी तुमच्या मालिकेचा शेवटचा भाग बघते," असं त्यांनी बाळला फोनवर सांगितलं होतं, "मग ठरवते, घरी यायचं की सकाळची गाडी धरायची." दादांनीही उलट निरोप धाडला होता तो एवढाच, की माझं जे काही म्हणणं आहे ते त्या भागात आहे.

दुसऱ्या कुठल्या घरात हे ऐकून लोक हसले असते. या घराची मात्र रीतच ती होती. जे तोंडावर बोलायची छाती होत नसे ते इथे मालिकेतून बोललं जाई. वहिनींची पाठ दुखते का, हे दादांनी जन्मात विचारलं नाही, पण एका भागात नायिकेच्या, म्हणजे थोरलीच्या, भावजयीची पाठ धरली आणि भावानं तिला मलम लावून दिलं, तेव्हा वहिनींना जे कळायचं ते कळलं. धाकट्या बाळनं कर्ज काढून मोठी गाडी घेतली, त्याच आठवड्यात मालिकेतल्या धाकट्यानं गाडी भिंतीवर घातली. दादा लिहायचे, बाळ पैसा उभा करायचा, सूनबाई थोरलीचं काम करायची. अकरा वर्षं घर असं बोलत होतं.

याची सुरुवातही ताईंपासूनच झाली होती. नवऱ्यानं टाकल्यावर ताई माहेरी आल्या, आणि एका संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी दादांना, आपल्या पाठच्या भावाला, सगळं सांगितलं. सहा महिन्यांनी मालिकेचा पहिला भाग लागला तेव्हा दिवाणखान्यात शेजारपाजारचे बसले होते आणि पडद्यावर थोरली रडत होती, ताईंच्या शब्दांत, अगदी ताईंच्या हुंदक्यासकट. लोक गेल्यावर ताई म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस." त्यावर दादा म्हणाले, "नाव तर बदललंय ना!" आणि वहिनी म्हणाल्या, "ज्यावर घर चालणार आहे त्याला बोल लावू नका." ताईंनी पिशवी भरली. त्या जिना उतरल्यावर दार वहिनींनी लावलं होतं. जरा जोरातच.

सहाला भाग येणार होता. तिघे तीन ठिकाणी बसले. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ठरल्या वेळी सगळीकडे एकच भाग लागायचा, समोरच्या इमारतीच्या प्रत्येक खिडकीतून थोरलीचंच रडणं यायचं. गेल्या वर्षी वाहिनी बंद पडली आणि मालिका इंटरनेटवरच्या एका कंपनीनं उचलली. आता ज्याचा त्याचा पडदा आणि पडद्यावर ज्याचं त्याचं नाव. दादा दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीसमोर. वहिनी स्वयंपाकघरात, कारण त्यांना हाताला काम असल्याशिवाय काही बघवत नसे. सूनबाई आतल्या खोलीत फोन घेऊन, कारण चार माणसांत स्वतःला बघायची तिला लाज वाटायची. तिचा नवरा नेहमीप्रमाणे दौऱ्यावर होता. बाळ ऑफिसातून निघालो म्हणून सांगत होता, म्हणजे अजून निघालेला नव्हता.

वहिनींनी छोटा पडदा साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. बटाटे सोलता सोलता कोपरानंच त्या भाग पुढे ढकलत. थोरलीचं रडगाणं आलं की ढकल पुढे, ही त्यांची जुनी सवय. आजही तसंच झालं, पण शेवटाला त्यांचा हात थांबला.

थोरली जिना चढून आली. तिनं बेल वाजवली. दाराच्या आतल्या बाजूला भावजय उभी होती, हात कडीवर. भावजयीनं कडी काढली नाही. बाहेर थोरलीनं थोडी वाट पाहिली, पिशवी उचलली आणि ती खाली उतरून गेली. मग नुसता जिना दिसत राहिला.

"बरं झालं!" वहिनी म्हणाल्या.

आपला आवाज ऐकून त्या स्वतःच दचकल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की नवऱ्याच्या लेखी त्या भांडणात सगळा दोष आपलाच. आणि आज त्यानं आपली बाजू घेतली? ताई आता येणार नाहीत, खुर्ची परत आत न्यायला हरकत नाही, असंही मनात येऊन गेलं, आणि आलं तसं त्यांना स्वतःचीच किळस वाटली. हातात सोललेला बटाटा तसाच घेऊन त्या बाहेर आल्या.

दादा डोळे पुसत होते. "जमलं गं," ते म्हणाले. "मनासारखं जमलं."

"अहो, पण एवढं कठोर नको होतं. काही झालं तरी बहीण आहे."

"कठोर?"

"दाराशी आलेल्या माणसाला असं परत पाठवतात का? आणि ते माझ्या नावावर?"

दादांनी बायकोकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग परत बायकोकडे. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? दार उघडलं की. भावानं उघडलं. 'ये, जेवायला बस,' म्हणाला. ती आत आली आणि संपलं. तेवढं एक वाक्य लिहायला मला महिना लागलाय."

"मी आत्ता माझ्या डोळ्यांनी बघून आले. कडीच काढली नाही."

"तू पुढे ढकललं असशील. तुझी सवयच ती."

"शेवटी नाही ढकललं!"

हे भांडण अजून तासभर चाललं असतं, पण आतल्या खोलीचं दार उघडलं. सूनबाई फोन छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी हसले नव्हते."

"कधी?"

"कधीच नाही. मी बसमध्ये चढलेच नाही. बसचा सीनच नव्हता." तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. थोरली खिडकीशी बसली होती, काच खाली केलेली, केस वाऱ्यावर, आणि ती हसत होती. माहेर मागे पडत होतं आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "हे बघा, माझा वाकडा दात. हा आवाज बघा, हसताना मी मध्येच श्वास ओढते तसा. सगळी मीच आहे. पण मी हे केलेलं नाही, बाबा. शेवटच्या दिवशी मी शूटिंगला दोनच सीन केले, जिना आणि दार. मग ही कोण आहे?"

वहिनींनी आपला छोटा पडदा आणला. मोठ्या टीव्हीवर दादांनी शेवट पुन्हा लावला. तीन पडद्यांवर तीन थोरल्या दिसत होत्या. एक आत आली, एक जिना उतरली, एक हसत निघून गेली. तिघींची साडी एकच होती.

दादा पाचव्या खुर्चीवरच बसले, तिथल्या चष्म्यासकट.

तेवढ्यात फोन वाजला. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. "दादा, काळजाला हात घातलात! पण थोरलीला मारायला नको होतं हो. आमची ही मघापासून रडतेय." तो ठेवतात न ठेवतात तोच दादांच्या जुन्या संकलकाचा आला. त्याच्याकडे थोरलीचं लग्न लागलं होतं, कॉलेजातल्या मित्राशी, आणि तो म्हणत होता की शेवट जरा गुळचट झाला, पण चालायचंच, लोकांना आवडतं. दादांनी दोघांनाही "हो, हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाळ आला तो हातात फुलांचा हा भलामोठा गुच्छ घेऊन. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण घरानं त्याला बाळ म्हणणं सोडलं नव्हतं आणि अहोजाहो तर कधी केलंच नव्हतं. "काय शेवट लिहिलास, दादा! धाकटा सगळं सांभाळून घेतो म्हणजे काय! मला वाटलं नव्हतं तू माझ्यासाठी..." तिघांचे चेहरे बघून तो थांबला. "काय झालं? कोण गेलं?"

"तुला धाकटा दिसला?" दादांनी विचारलं.

"म्हणजे? शेवटी धाकटाच तिला स्टेशनवरून घेऊन येतो ना? तूच लिहिलंस."

सूनबाईनं त्याला तिन्ही पडदे दाखवले. बाळनं ते बघितले. फुलं त्यानं नकळत टीव्हीवर ठेवली आणि ती घसरून खाली पडली.

"काका, त्या गोल खोलीत मला दिवसभर बसवलं होतं," ती म्हणाली. "चहूबाजूंनी कॅमेरे. हसा, रडा, रागवा, बाराखडी म्हणा. पोस्टरसाठी आहे म्हणाले होते. तुम्हीच म्हणालात."

"मला तेच सांगितलं होतं."

"आणि शेवटाचं काय सांगितलं होतं?" दादांचा आवाज चढला.

"म्हणाले, शेवट बघणाऱ्याप्रमाणे जुळवून देऊ. मला वाटलं लांबीबद्दल बोलतायत. फोनवर बघणाऱ्याला थोडा छोटा, टीव्हीवर मोठा. मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?" मग सुनेकडे वळून तो घाईघाईनं म्हणाला, "आणि हे बघ, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पात्र तुझंच आहे, चेहरा तुझाच आहे. बिघडलं कुठं?"

"मला विचारायचं तरी होतं," सूनबाई म्हणाली.

दिवाणखान्यात ते वाक्य दुसऱ्यांदा उच्चारलं गेलं. वहिनींनी मान खाली घातली. दादांनी डोळे मिटून घेतले.

बाळनं कंपनीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून एक तरुण बाई बोलत होत्या, उत्साहानं नुसत्या उतू जात होत्या.

"अभिनंदन, सर! कोणीही मध्ये सोडून जात नाहीये. शेवटपर्यंत बघतायत सगळे!"

"किती शेवट केलेत तुम्ही?"

"तसे मोजले नाहीत, सर. ज्याला जे आवडतं ते त्याला. आजवर माणूस काय बघत आलाय, कुठे थांबलाय, काय पुढे ढकललंय, काय पुन्हा लावलंय, त्यावरून ते आपोआप बनतं."

वहिनींनी हातातल्या बटाट्याकडे पाहिलं. मघाशी किळस वाटली होती, आता भीती वाटली. मनातलं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि यांच्याकडे ते आधीच होतं.

"लेखकाचा शेवट कोणाला दिसतो?" दादांनी विचारलं.

"ज्यांना तो आवडण्यासारखा आहे त्यांना, सर."

म्हणजे दादांनाही आपला शेवट लेखक म्हणून मिळाला नव्हता. त्यांच्या आवडीचा म्हणून मिळाला होता. हे कळायला त्यांना एक क्षण लागला, आणि त्याच्या पुढचं कळलं तेव्हा ते ताडकन उठले.

"ताई! ताईला काय दाखवलंत? स्टेशनमागच्या लॉजवर आहे ती, फोनवर बघतेय. तिला काय दिसलं?"

"सॉरी, सर. प्रत्येकाचं बघणं खासगी असतं. ते आम्ही कुणाला सांगत नाही."

"खासगी!" सूनबाई हसली. या वेळी खरंच हसली, पण ते ऐकवेना.

ताईंना फोन लावला. वाजत राहिला. बाळनं लावला, वहिनींनी लावला. कोणी उचलला नाही.

"काय बघत आलीय ती आजवर?" दादा येरझाऱ्या घालत म्हणाले. "ती तर म्हणते मी तुझी मालिका बघत नाही. बघतच नसेल तर यंत्राला काय कळणार?"

"आत्या बघतात," सूनबाई म्हणाली. "एकच भाग बघतात. पहिला. ज्यावरून भांडण झालं तो. पुन्हा पुन्हा."

"तुला काय माहीत?"

"मी बोलते त्यांच्याशी. काम मिळाल्यापासून. थोरली चालते कशी, रागावली की हात कुठे ठेवते, हे मला दुसरं कोण सांगणार होतं?"

एरवी या एका गोष्टीवर घरात आठवडाभर अबोला झाला असता. दादांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. आपण ज्या बाईला इतकी वर्षं पडद्यावरून निरोप पाठवत होतो तिच्याशी आपली सून रोज साधं बोलत होती, आणि ते किती सोपं होतं!

"म्हणजे ती अजून तेच भांडण धरून बसलीय," बाळ हळूच म्हणाला. "मग तिला भांडणाचाच शेवट दिला असणार. बंद दार."

"माझं दार," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बटाटा टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. "मी जाते. लॉजचं नाव सांगा."

"तू?" दादा आणि बाळ एकदमच म्हणाले.

"मीच. मी लावलं होतं, मीच उघडते. तुम्ही दोघं लिहीत बसा."

त्यांनी दार उघडलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. बाहेर ताई उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसरा हात बेलकडे गेलेला. जिना चढून धाप लागली होती. डोळे सुजले होते, पण चेहरा असा उजळला होता की वहिनींना आधी ओळखच पटली नाही.

"अगं, फोन लॉजवरच विसरले," ताई म्हणाल्या. "बघून झालं आणि तशीच निघाले." आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी वहिनींना कवेत घेतलं. "तू पण रडलीस गं. मला वाटलं नव्हतं तू रडशील."

वहिनींचे हात तसेच लोंबकळत राहिले. कोण रडलं होतं, कुठल्या दाराशी, हे विचारायची त्यांची हिंमत होईना.

ताई आत आल्या. ज्या माणसाला सगळं गाव दादा म्हणायचं त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बारक्या," त्या म्हणाल्या. जगात त्यांना बारक्या म्हणणारं एवढंच माणूस उरलं होतं. "किती जड गेलं असेल रे तुला ते लिहायला."

दादांनी विचारलं, "काय?"

"उंबऱ्यावर बसून भाऊ तिची माफी मागतो ते. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, हा मेला तरी माफी मागायचा नाही. 'जेवायला बस' म्हणेल आणि विषय संपवेल. लहानपणापासून ओळखते ना तुला. आणि तू तर एक शब्द शिल्लक ठेवला नाहीस. मी ते तीनदा लावून बघितलं." त्या हसल्या, डोळे पुसले. "आता एकदा तोंडानं म्हण. इथे, आमच्यापुढे. मग मी त्या खुर्चीवर बसते, माझ्यासाठीच मांडलीय ना?"

बाळ दादांकडे बघत होता. त्याची मान हळूहळू हलत होती, की म्हण, काहीही म्हण, तिला कुठे कळणार आहे. सूनबाईनं टीव्ही बंद केला आणि दोन्ही छोटे पडदे पटकन पालथे घातले. वहिनी अजून दारातच होत्या. घरात एकालाही ताईंचा शेवट माहीत नव्हता. त्या वाक्यांसाठी त्या इतकी वर्षं थांबल्या होत्या, आणि ती लिहिणारं कोणी नव्हतंच.

"ताई," दादा म्हणाले, "ते मी लिहिलेलं नाही."

"चल, काहीतरीच."

"खरंच नाही. मी ते पाहिलेलंही नाही. यंत्रानं केलं. तुला काय हवंय ते बघून. मला वेगळं दिसलं, हिला वेगळं, बाळला वेगळं."

ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग बराच वेळ ओठांवर राहिलं. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. सूनबाईकडे बघितल्यावर त्यांना खरं वाटलं.

"मग तू काय लिहिलं होतंस?"

"दार उघडतं. भाऊ म्हणतो, ये, जेवायला बस."

"एवढंच?"

"एवढंच."

ताई वळल्या. दाराशी गेल्या आणि पिशवीसाठी वाकल्या. वहिनी वाटेत उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या नाहीत.

"थांब!" दादा ओरडले. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली त्यांना स्वतःला एक शब्द सुचत नव्हता. "तो काय म्हणाला ते सांग मला. उंबऱ्यावर बसून. जसंच्या तसं सांग. मी म्हणतो. शब्द न शब्द म्हणतो."

ताईंनी पिशवी उचलली नाही. पण त्या सरळही झाल्या नाहीत. तशाच वाकलेल्या, पिशवीच्या बंदावर हात ठेवून म्हणाल्या,

"नाही सांगणार. त्याचं तो म्हणाला. तुझं तू म्हण."

दादा आले आणि उंबऱ्यावर बसले. गुडघे वाजले, चौकट धरून बसावं लागलं. वर बहिणीकडे बघत त्यांनी सुरुवात केली. शब्द मागेपुढे होत होते. "त्या दिवशी" एकाच वाक्यात तीनदा आलं. मध्येच खोकला आला. मध्येच ते "नाव बदललं होतं" असं म्हणायला गेले आणि थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. कुठल्या नटानं असं वाक्य म्हटलं असतं तर दादांनी ते लाल रेघ मारून खोडलं असतं.

ताई ऐकत राहिल्या. त्यांनी एकदाही पुढे ढकललं नाही.